सैंधव, शेव आणि जिरावण

रविवार सकाळ, इंदूरला राजवाड्याजवळचा ओटला. हातात पोह्यांच्या प्लेटा आणि विषय बीपीचा.

"आमच्याकडे आता फक्त सैंधव. त्यानं बीपी वाढत नाही," नानांनी सांगून टाकलं.

"नाना, सैंधव म्हणजेसुद्धा सोडियम क्लोराइडच. बाकीचे क्षार नावापुरते. काळं मीठही तसंच," सुलभाताई म्हणाल्या. "सोडियम अंगात पाणी धरून ठेवतं, रक्ताचं आकारमान वाढतं, रक्तवाहिन्यांवर ताण येतो. मिठाचा रंग कुठला, हे मूत्रपिंडांना कळत नाही."

"मग खायचं किती?" मिलिंदनं विचारलं.

"जागतिक आरोग्य संघटना म्हणते, माणशी दिवसाला 5 ग्रॅमच्या आत. सपाट छोटा चमचा. चौघांच्या घरात किलोचा पुडा 50 दिवस तरी जायला हवा. महिन्यात संपला तर माणशी 8 ग्रॅमच्या वर गेलात."

"आमचा तर दोन महिने पुरतो!"

"कारण उरलेलं मीठ बाहेरून येतं. ही प्लेटच बघ. पोह्यांत मीठ, शेवेत मीठ, वर जिरावण, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा आपला इंदुरी मसाला, त्यात साधं आणि काळं दोन्ही. घरी पापड, त्यात मीठ आणि पापडखार. खाराचं सोडियम खारट लागत नाही, म्हणून ध्यानातच येत नाही. पाकिटावरच्या सोडियमची अडीचपट कर. 800 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 2 ग्रॅम मीठ."

"मग ते कमी सोडियमवालं मीठ आणतो," नाना म्हणाले.

"चांगलं आहे. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या चीनमधल्या मोठ्या चाचणीत 25 टक्के पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघात कमी झाले. पण तुमची बीपीची गोळी कुठली?"

"टेल्मिसार्टन."

"मग डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणूच नका. नावाच्या शेवटी 'सार्टन' किंवा 'प्रिल' असलेल्या गोळ्या पोटॅशियम अंगात राखतात. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं असेल, म्हणजे मूत्रपिंडं मंदावली असतील, तर धोका आणखी. पोटॅशियम साचलं की हृदयाचे ठोके बिघडतात, आणि तोवर बहुतेकदा काही जाणवतही नाही."

नाना गप्प झाले. मिलिंदची काळजी वेगळीच होती. "जिरावण बिनमिठाचं करता येईल?"

"येईल की. जिरं, धणे, बडीशेप, लवंग भाजून कुटायचं, त्यात सुंठ आणि हिंग, आमचूर जरा सढळ हातानं. आंबट असलं की मीठ कमी पडल्यासारखं वाटत नाही. भाजी-वरणातलं मीठ मात्र एकदम तोडू नकोस, दर आठवड्याला चिमूटभर कमी कर."

"आणि शेव?" नानांनी विचारलं.

"प्लेटीत आधी पोहे, मग कांदा, लिंबू. शेव शेवटी, एकच चमचा. दुसऱ्यांदा मागायची नाही."