राग गिळावा कसा : खास ठाणेकरांसाठी

मन शांत ठेवायचा खात्रीचा उपाय म्हणजे मनाची दखलच घ्यायची नाही. घोडबंदर रोडने रोज घरी येणाऱ्याला हे वेगळं शिकवायला नको. कापूरबावडीला बस अडकलेली असताना साहेबांचा मेसेज येतो, 'उद्या जरा बोलायचंय.' पोटात गोळा येतो. तुम्ही तत्परतेने अंगठा पाठवा. मग मानपाडा येईपर्यंत त्या 'जरा'चा कीस पाडा. पगारवाढ की नारळ? निष्पन्न काही होत नाही, पण विचार केल्याचं समाधान मिळतं. (असं तेच तेच घोळवत बसल्याने नैराश्याला खतपाणी मिळतं, म्हणे. म्हणणाऱ्यांना ईएमआय नसावा.)

घरी बायको विचारेल, "काय झालं?" उत्तर एकच : "काही नाही." हे बूट काढता काढता, वर न बघता म्हणायचं. १९९७ साली जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हेन्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी काही तरुणींना चित्रफिती दाखवल्या आणि भावना चेहऱ्यावर दिसू देऊ नका असं सांगितलं. चेहरे आवरले, पण हृदय-रक्तवाहिन्यांवरचा ताण वाढला. दुःख होतं तेवढंच राहिलं. पुढे २००३च्या एका प्रयोगात अनोळखी बायकांच्या जोड्या गप्पांना बसवल्या. एकीने भावना दाबल्या, तर समोरचीचाही रक्तदाब चढला! म्हणजे तुमचं एक 'काही नाही' अख्ख्या घराला पुरतं. आई-बाबा सोबत राहत असतील तर विचारायलाच नको.

गिळणं जमत नसेल तर भडास काढा. भाजीतल्या मिठावर, पोराच्या गणिताच्या वहीवर, रिक्षावाल्यावर. साहेब सोडून कुणावरही. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२मध्ये चिडलेल्या लोकांना, ज्याने चिडवलं त्याला आठवत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला लावलं. त्यांचा राग नुसत्या बसून राहिलेल्यांपेक्षा जास्तच निघाला. पण नुसतं बसायचं तरी कुठे? उपवन तलावाच्या काठावर टेकलात की सोसायटीतले काका हजर : "एकटेच? सगळं ठीक ना?"

'मला उद्याची भीती वाटतेय' हे वाक्य मात्र चुकूनही तोंडातून काढू नका. भावनेला नाव दिलं की मेंदूतली भीतीची घंटा जरा मंदावते, असं स्कॅनवर दिसलंय. मंदावली तर रात्री दोनपर्यंत छताकडे बघायचं कशाच्या जोरावर? 'साहेबांना रजेच्या अर्जाबद्दलच विचारायचं असेल' असा दुसऱ्या बाजूने विचार करण्याची सवयही वाईट. ती असलेल्यांत नैराश्याची लक्षणं कमी आढळतात.

आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, असं झालं तर कुणी शहाणा डॉक्टर सुचवेल. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१पासून आहे, आणि 'याला ठाण्याला पाठवा' हा विनोद महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या पुरवून वापरला आहे. आपण आधीच ठाण्यात राहतो, तेवढं पुरे. अ‍ॅसिडिटीची गोळी घ्या.

आणि तो १४४१६, सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. सेव्ह अजिबात करू नका. करायचाच झाला, तर 'प्लंबर, कोलशेत' या नावाने करा.