सगळे वाँग एका घरचे नाहीत

"एनव्हिडियाचे जेन्सन ह्वांग, सिनेमातले वाँग, हाँगकाँगचा विद्यार्थी नेता वाँग, सगळे एकाच खानदानातले. चिनी लोकांत आडनावंच मोजकी, आडनाव जुळलं की भाऊबंद. पटत नसेल तर बघा, एनव्हिडिया आणि एएमडीचे प्रमुखसुद्धा नातेवाईकच!" हा मेसेज मला तीन ग्रुपांवर आला. (एनव्हिडिया आणि एएमडी या कॉम्प्युटर चिपच्या कंपन्या.) त्यातलं शेवटचं वाक्य खरं आहे, आणि बाकीचा मेसेज त्यानेच आडवा होतो.

आधी आडनाव खरंच एक आहे का ते पाहू. 'पिवळा' अर्थाचं ह्वांग आणि 'राजा' अर्थाचं वांग ही दोन वेगळी आडनावं, लिहायची चिन्हंही वेगळी. पण हाँगकाँगच्या कँटोनीज बोलीत दोन्हींचा उच्चार 'वाँग'च होतो, सुरासकट. चिन्हं पाहिली तर तैवानमध्ये जन्मलेले जेन्सन ह्वांग, 1905 मध्ये लॉस एंजलिसला जन्मलेली अभिनेत्री अॅना मे वाँग (2022 च्या अमेरिकन नाण्यावर तिचा चेहरा आहे) आणि शाळकरी वयात आंदोलन उभारणारा जोशुआ वाँग हे तिघे पिवळेवाले. दिग्दर्शक वाँग कार-वाई आणि गायिका-अभिनेत्री फे वाँग मात्र राजावाले. फे वाँग मूळची बीजिंगची, तिथे ती वांगच.

उलटही घडतं. सिंगापूर-मलेशियात हेच ह्वांग कित्येक घरांत 'ङ' होतं. आपल्या मुळाक्षरांतला बिनकामाचा ङ तिथे अख्खं आडनाव म्हणून मिरवतो! पण ज्यांच्या मशीन लर्निंगच्या कोर्सवर आपली कितीतरी मुलं शिकली, ते कोर्सेरा या ऑनलाइन शिक्षणाच्या साइटचे अँड्र्यू ङ या ह्वांगांपैकी नव्हेत. त्यांचं आडनाव बीजिंगच्या उच्चारात 'वू'.

बरं, आडनाव खरोखर एकच असलं तर? एकट्या वांग आडनावाची माणसं चीनमध्ये दहा कोटींच्या आसपास आहेत. कोल्हापूरच्या पाटलांना जळगावच्या पाटलांचं सुतक येतं का? एक मान्य करतो, एकाच आडनावात लग्न न करण्याची जुनी रीत चीनमध्ये होती, आपल्या सगोत्रासारखी. पण सगोत्र म्हणजे चुलतभाऊ नव्हे, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

शिवाय आडनावं बदलतात. जॅकी चानच्या वडिलांचं मूळ आडनाव फांग. जॅकीच्या मुलाच्या चिनी नावात ते परत आलं.

आता तो पुरावा. जेन्सन ह्वांग आणि एएमडीच्या लिसा सू, दोघांचा जन्म तैवानचा, आणि नातं खरं. लिसांच्या आईचे वडील हे जेन्सनच्या आईचे थोरले भाऊ. म्हणजे लिसांची आई जेन्सनची मामेबहीण. इंग्रजी बातम्यांना हे नातं सांगताना धाप लागते. मराठीत जेन्सन हे लिसांचे मामा, संपलं. पण ह्वांग आणि सू ही आडनावं जुळतात कुठे? जुळतं ते दोघांच्या आयांचं माहेरचं आडनाव, लो. मेसेजच्या यादीत ते एकदाही नाही.