‘पीओपी समुद्रात विरघळतं’ हे अर्धंच खरं आहे

भाद्रपद जवळ आला की एक मजकूर फिरू लागतो: मूर्तीचं पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) म्हणजे साधं जिप्सम, समुद्रात ते विरघळून जातं, हौदातलं विसर्जन धर्माला मान्य नाही, विसर्जनाचे हे नियम फक्त गणपतीसाठीच.

जिप्सम विषारी नाही, हे बरोबर. पण ते विरघळतं पृष्ठभागावरून, आणि तिथे रंगाचा थर असतो. त्यात मूर्ती सोडतात भरतीला, कमरेएवढ्या पाण्यात. ओहोटीला ती तिथेच उघडी पडते, सोंड तुटलेली, रंग शाबूत. काल ज्याला मोदक दाखवला त्याचे तुकडे फावड्याने गोळा करावे लागतात. मोठ्या मूर्तीतला काथ्या आणि सळया तर विरघळायचा प्रश्नच नाही. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन कोळ्यांनी नुकतीच जाळी पाण्यात टाकलेली असतात. ती या सळयांत अडकून फाटतात.

आता धर्म. निरोपाचा विधी म्हणजे उत्तरपूजा, आणि ती घरीच होते. ‘यान्तु देवगणाः सर्वे’ म्हणत अक्षता वाहिल्या, मूर्ती जागेवरून हलवली, की देवाला निरोप दिला. पुढे पाणी हौदातलं की बादलीतलं, याने त्यात उणं काही येत नाही. उलट पार्थिव पूजा म्हणजे मातीच्या मूर्तीची पूजा. शास्त्राचा दाखला द्यायचाच तर आधी मूर्तीला लावा.

नियमांचं म्हणाल, तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची 2020ची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्याच मूर्तींना लागू आहेत, दुर्गेच्याही.

घरात पीओपीची मूर्ती आलीच असेल, तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने पुढे आणलेली पद्धत वापरा. फुलं, वस्त्र, दागिने काढा. मूर्ती बुडेल एवढं पाणी प्लास्टिकच्या पिंपात घ्या, वर वीतभर जागा सोडा, कारण फेस येतो. मूर्तीच्या वजनाइतकं अमोनियम बायकार्बोनेट घाला. झाकण घट्ट लावू नका, वायू कोंडतो. पिंप गच्चीत किंवा अंगणात ठेवा. अमोनियाचा वास डोळ्यांना झोंबतो. दिवसातून तीन-चार वेळा काठीने ढवळा. इथेच बहुतेकांचं चुकतं: ढवळलं नाही तर जिप्समवर खडूची साय धरते आणि आतला भाग तसाच राहतो. जाड बैठकीला आणि ऑइलपेंटला वेळ जास्त लागतो.

तळाशी बसतो तो खडू, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट उतरतं, ते खतच. रंगाचे पापुद्रे गाळून काढा, दहापट पाणी मिसळून फुलझाडांना घाला; रंग कसला होता ठाऊक नसतो, म्हणून भाजीपाल्याला नको. गटारात तर मुळीच ओतू नका. तिथून त्यातलं नत्र खाडीत जातं आणि शेवाळ माजतं.