टाकी ठीक होती, तोटी चुकली

नमस्कार. इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीचं सिम्युलेशन मी लेखात मांडलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा वही काढली. तुमचे आक्षेप दोन. मी बॅटरीला पाण्याची टाकी समजून शाळकरी गणित मांडलं, तिथे सेलच्या आतलं रसायन मांडणारं इलेक्ट्रोकेमिकल मॉडेलच हवं होतं, हा एक. आणि माझ्या आलेखात चार्जिंग १०० टक्क्यांपर्यंत सरळ चढतं, तुमच्या गाडीत मात्र ते ८० नंतर रेंगाळतं, हा दुसरा.

दुसरा निमूट मान्य. मी करंट शेवटपर्यंत तोच धरला होता. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) प्रकारच्या लिथियम सेलला ४.२ व्होल्टची मर्यादा असते. ६० अँपियर-तासाचा सेल, अंतर्गत रोध दीड मिलिओहम आणि करंट ६० अँपियर घेतला, तर ०.०९ व्होल्ट रोधातच जातात. म्हणजे सेलचा स्वतःचा व्होल्टेज ४.११ झाला की मर्यादा गाठली. पुढे करंट उतरवतच न्यावा लागतो. थंडीत रोध दुप्पट झाला तर हीच वेळ ४.०२ ला येते, म्हणजे बरीच आधी. शिवाय थंड सेलमध्ये जोरात करंट ढकलला तर अ‍ॅनोडवर, म्हणजे ऋण इलेक्ट्रोडवर, लिथियमचा मुलामा चढतो, म्हणून बीएमएस (बॅटरी सांभाळणारी यंत्रणा) त्याही आधी हात आखडता घेतो. माझ्या मॉडेलमध्ये तापमान नावाचा आकडाच नव्हता.

पहिला आक्षेप मात्र पटला नाही. डॉयल, फुलर आणि न्यूमन यांचं १९९३ चं इलेक्ट्रोकेमिकल मॉडेल मलाही आवडतं. पण त्याला इलेक्ट्रोडची जाडी, कणांचा आकार, विसरणाचे गुणांक लागतात, आणि गाडी विकणारा ते ब्रोशरमध्ये छापत नाही. अंदाजाने भरलेल्या डझनभर आकड्यांपेक्षा मोजता येणारा एक रोध बरा. मला सेलचं आयुष्य काढायचं नव्हतं, गाडी घरी पोचते का एवढंच बघायचं होतं. त्याला टाकी पुरते. तिची तोटी किती मोठी, म्हणजे आत करंट किती घेता येतो, हे मी लिहायला विसरलो.

आणि तोटी शोधताना तुमच्याही नजरेतून सुटलेली मोठी चूक सापडली. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना साधारण साडेपाचशे मीटर उंची कमी होते. दीड टनाच्या गाडीसाठी ही सव्वादोन किलोवॅट-तास ऊर्जा. चाकांचं घर्षण, हवा, मोटर-इन्व्हर्टरचा तोटा वजा केला तरी सव्वाएक परत यावी. ३० किलोवॅट-तासांच्या बॅटरी पॅकमध्ये ४ टक्के. आता लोणावळ्यातून ९९ टक्क्यांवर निघा. जागा कुठे आहे? खरी गाडी अशा वेळी रीजन (मोटरनेच गाडी रोखून बॅटरी भरणं) कमी करते आणि ब्रेक तापतात. माझ्या सिम्युलेशनमध्ये बॅटरी १०३ वर जायला हवी होती, म्हणजे चूक लगेच दिसली असती. पण ‘१०० च्या वर गेलं तर १०० धर’ अशी एक ओळ मीच कधीतरी घालून ठेवली होती. ऊर्जा गुपचूप गायब होत होती आणि आलेख देखणा दिसत होता.

ती ओळ काढली. आता चार्जर असो वा रीजन, आत येणाऱ्या करंटला एकच मर्यादा लागते, चार्ज आणि तापमान बघून. लेखातला आलेख बदलतोय, जुनाही खाली ठेवतो.

एक विनंती. तुमच्या गाडीचं ८० ते १०० चं चार्जिंग दर पाच मिनिटांनी टिपून पाठवाल का? टक्के, किलोवॅट आणि दिसत असेल तर बॅटरीचं तापमान. पहाटेचं आणि दुपारचं वेगळं असेल तर सोन्याहून पिवळं.