नदी आमची, कुलूप कोणाचं?

लागलं अजून एक कुलूप! काल सकाळी फिरायला गेलो, तर नाग नदीकाठच्या जुन्या दगडी पायऱ्यांसमोर टिना ठोकलेल्या. मधे साखळी, साखळीला कुलूप, कुलपाला प्लास्टिकची पिशवी. पावसात गंजू नये म्हणून! पायऱ्या फोडून पिंपळ वर आलाय, त्याचं कोणाला काही आहे?

"सौंदर्यीकरण सुरू हाय, काका," चौकीदार म्हणाला. काहून, कोणासाठी? आधी सौंदर्यीकरण, मग पार्किंग, मग लॉन, मग तिकीट. शेवटी अतिक्रमण कोणाचं? आमचं!

जिच्यावरून नागपूर झालं, तिला आम्ही नाला म्हणतो. (माझी आईही म्हणते. समजावणं सोडलं.) फ्लॅट विकायचे असले की तोच नाला 'रिव्हर व्ह्यू' होतो. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, लोकांच्या बेडरूममध्ये पाणी शिरलं. नदीनं आपली हद्द स्वतःच मोजून दाखवली. तरी काठावर सिमेंट ओतणं चालूच!

आखीव पत्रिकेवर, म्हणजे जागेच्या मालकीच्या कागदावर, सरकारचं नाव आहे म्हणजे जागा बेवारस झाली का राजेहो? पोरांचा तान्हा पोळा भरवायला जागा मागा: अर्ज, तीन प्रती, अनामत, 'साहेब मिटिंगमध्ये आहेत'. लग्नाचा डीजे लावायला? एक फोन.

चरफडत परत निघालो, तर मागून चौकीदार हळूच म्हणतो, "काका, तिकडून टिन वाकवेल हाय. वाकून जा, सगळे तिथूनच जातेत."