आंधीनंतर वीज मुद्दाम बंद ठेवतात का? खुलासा

लखनौमध्ये उन्हाळ्यातली आंधी येऊन गेली की एक संदेश फिरतो: ‘वारा थांबला तरी वीज मुद्दाम देत नाहीत, उपकेंद्रात फक्त एक बटण दाबायचं असतं.’ हे चुकीचं आहे, आणि धोक्याचंही.

फांदी ११ केव्हीच्या (११ हजार व्होल्टच्या) उघड्या तारांवर पडली की उपकेंद्रातला ब्रेकर, म्हणजे बिघाड होताच वीज तोडणारा स्विच, आपोआप ट्रिप होतो (बंद पडतो). फांदी तिथेच असताना तो पुन्हा लावला, तर लगेच परत ट्रिप होतो. तार तुटून खाली आली असेल तर गोष्ट आणखी गंभीर. कोरड्या मातीवर किंवा डांबरावर पडलेल्या तारेतून कधीकधी इतका कमी प्रवाह जातो, की ब्रेकरला दोष कळतच नाही. तारेत वीज तशीच खेळत राहते. म्हणून लाइनमन आधी फीडरची (उपकेंद्रातून वस्तीकडे येणाऱ्या लाइनची) पाहणी करतात, एबी स्विच (खांबावरचा, लाइनचे भाग वेगळे करणारा स्विच) उघडून बिघडलेला भाग वेगळा काढतात आणि उरलेला सुरू करतात. शेजारच्या गल्लीत दिवे आणि तुमच्याकडे अंधार, याचं कारण बहुधा हेच, नाहीतर तुमच्या रोहित्राचा (ट्रान्सफॉर्मरचा) डीओ फ्यूज, म्हणजे उडाला की खाली लटकणारा फ्यूज, उडालेला असतो.

वीज आल्यावर तुमचे दिवे डोळे दिपवणारे आणि शेजारचे मंद दिसले, तर न्यूट्रल (प्रवाह परत नेणारी तार) तुटल्याची शक्यता मोठी. २३० ऐवजी ४०० व्होल्टपर्यंत दाब चढू शकतो. मेन स्विच ताबडतोब बंद करा. पडलेली तार दिसली तर किमान १० मीटर लांब राहा, इतरांनाही अडवा आणि १९१२ या वीज तक्रारीच्या हेल्पलाइनवर खांबाचा क्रमांक कळवा.