खुलासा : अर्बन फँटसीला महानगर लागतंच असं नाही

विदर्भातल्या वाचकांच्या ग्रुपवर अर्बन फँटसीबद्दल (आजच्या जगात जादू आणणारा कादंबरीप्रकार) एक मेसेज फिरतोय : 'अर्बन फँटसी मोठ्या शहरातच घडते, नायिका तलवारवाली सुंदरी असते, खेड्यातल्या वाचनालयात तिचं काय काम?' दोन्ही दावे चुकीचे आहेत.

शार्लीन हॅरिसच्या २००१ च्या 'डेड अनटिल डार्क'ची नायिका बारमधली वेट्रेस, गाव लुइझियानातलं काल्पनिक आणि लहानसं. पॅट्रिशिया ब्रिग्जच्या 'मून कॉल्ड'ची (२००६) मर्सी फोक्सवॅगन दुरुस्त करणारी मेकॅनिक; ती कोयोटचं रूप घेते, पण वेअरवुल्फांच्या, म्हणजे लांडग्याचं रूप घेणाऱ्या माणसांच्या, ताकदीपुढे तिचं बळ थोडंच, म्हणून डोकं चालवावं लागतं. तिचं ठिकाण वॉशिंग्टन राज्यातला ट्राय-सिटीज भाग, भोवती ओलिताची शेती.

खरी अट एवढीच : जग आजचं, ओळखीचं हवं आणि जादू त्याच्या रोजच्या व्यवहारात घुसलेली. यवतमाळकडे लिहायचं तर मोटारपंप रिवाइंडिंग करणारी बाई घ्या. थ्री-फेज लाईन रात्री येते, शेतकरी अंधारात पंप सुरू करायला निघतो, आणि धुऱ्यावर चकवा लागतो. चकव्याचे नियम आधी ठरवा : कुठवर भुलवतो, कशाने सुटतो, सोडवणाऱ्याला काय मोजावं लागतं.

नवख्यांचं बहुतेक इथंच फसतं. दुसऱ्या प्रकरणानंतर नायिकेचं दुकान गायब होतं, मंत्राने सगळं सुटतं, मग वाचक नुसती पानं उलटतो. जळालेल्या कॉइलचा वास शेवटपर्यंत राहू द्या; भूत पळवल्यावरही मोटर सकाळी द्यायचीच असते.